मावशी वर, मामा खाली

सांता रोसात माझा स्टुडिओ चर्चच्या अगदी समोर. त्यामुळे लग्न लागून बाहेर पडलेली जोडपी आधी माझ्याकडे येतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांतलंच कुणीतरी एकटं परत येतं, फोटोतल्या दुसऱ्याला पुसून टाकायला. फोटो काढण्यापेक्षा फोटोतून माणसं घालवणं हाच माझा खरा धंदा झालाय. आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला मजा येते.

माझा नियम साधा आहे. मूळ फाइल थरांसकट ठेवायची. खाली पार्श्वभूमीचा थर, त्यावर नवरीचा, त्यावर सासूबाईंचा. प्रत्येक थरापुढे एक चिमुकला डोळा असतो. डोळा मिटला की सासूबाई गायब, उघडला की हजर. देवाने ही सोय संसारात का दिली नाही कोण जाणे. पण छपाईला देताना सगळे थर एकजीव करून जेपीजीच द्यायची, कारण आमचा फ्लेक्सवाला फिदेन्सियो दिसेल तो डोळा उघडणारा माणूस. पलीकडच्या गावातल्या एका फोटोवाल्याने त्याला थरांची फाइल तशीच धाडली, तर याने लग्नाच्या फ्लेक्सवर नव्या नवऱ्याशेजारी झाकून ठेवलेला जुना नवराही छापला. दोघंही हसत होते म्हणे. नवरी तर सगळ्यांत जास्त.

तर गोष्ट आहे नेलीच्या पोरीची, यारेत्सीची. पोर पंधरा वर्षांची झाली की आमच्याकडे जो थाट होतो, तो एकट्या आईला झेपणारा नसतो. म्हणून एकेक गोष्ट एकेका नातेवाइकाच्या गळ्यात घालतात. केक एकाकडे, बूट दुसऱ्याकडे, बँड तिसऱ्याकडे. ज्याने भार उचलला त्याला फ्लेक्सवर पोरीशेजारी जागा, हा त्याचा हक्क. यारेत्सीचा केक होता मावशीकडे आणि बँड होता मामाकडे, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

मावशी म्हणजे दोमितिला, नेलीची थोरली बहीण. बेकरी चालवते. ठेंगणी, काटकुळी, आणि बोलायला लागली की भल्याभल्यांनी वाट सोडावी अशी. मामा म्हणजे अबुंदियो, दोघींच्या मधला भाऊ. कढईत डुकराचं मटण शिजवून विकतो आणि दारातून आडवा शिरतो. नेली कारखान्यात शिवणकामाला जाते, त्यामुळे यारेत्सीची सकाळ बेकरीत आणि संध्याकाळ कढईशेजारी गेली. पोरीला साखर मावशीने चारली, मीठ मामाने. मात्र ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण त्यांच्या आईचा बाळ येशू. म्हातारी गेल्यावर ती मूर्ती अबुंदियोकडे आली. फेब्रुवारीत बाळाला नवे कपडे करून चर्चात मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, न्यायचं असतं. दोमितिलाने पांढरा रेशमी झगा शिवून पाठवला. अबुंदियोने झगा घडी करून ठेवला आणि बाळाला घातली आपल्या लाडक्या फुटबॉल संघाची जर्सी. भर मिसात दोमितिला उठली, भावाच्या मांडीवरून बाळ उचललं आणि चालती झाली. पाद्रीबाबा आशीर्वादाचा हात वर धरून बघतच राहिले. तेव्हापासून इतकी वर्षं दोघांचा अबोला. आणि तो संघ तेव्हापासून हरतोय, हे अबुंदियो गिऱ्हाइकालाही सांगतो.

फोटोला दोघं वेगवेगळ्या दिवशी आली. पोरीचे आणि नेलीचे फोटो आधी काढून झाले होते. नेली डावीकडे होती, म्हणून दोघांनाही उजवी बाजूच हवी होती, आणि दोघांनाही पोरीच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा होता. मी पोरीच्या जागी खांद्याच्या उंचीचं स्टूल ठेवून दोघांना उभं केलं आणि एकेकाला आपापल्या थरात बसवलं.

दोमितिला बघायला आली, तेव्हा मी अबुंदियोचा डोळा मिटला.

"छान आलाय," ती म्हणाली. "आणि ऐक चेन्चा, तो रानडुक्कर या फोटोत दिसला, तर केक मी बेकरीतच ठेवीन. सांगून ठेवते."

केकवर लावायच्या चित्राची तिला वेगळी फाइल हवी होती. ती पीएनजीत दिली, म्हणजे पोरीभोवतीचा भाग पारदर्शक राहतो. जेपीजी दिली असती तर केकवर पोरीभोवती पांढरी चौकट उमटली असती, आणि दोमितिलाने ती चौकट माझ्या गळ्यात अडकवली असती.

दुपारी अबुंदियो आला. मी दोमितिलाचा डोळा मिटला आणि त्याचा उघडला.

"वा! पोट जरा आत घेता येईल?"

"पोट वेगळ्या थरात नाहीये, अबुंदियो."

"राहू दे मग. पण ती सुकलेली मिरची यात आली ना, तर बँड आल्या पावली परत जाईल. एक तुतारी वाजणार नाही."

मी दोघांनाही "हो हो" म्हटलं. पडद्यावर दोघांनाही खूश ठेवता येतं, पण फ्लेक्स तर एकच असतो. तो हॉलच्या दारावर टांगायचा होता, शनिवारी. नेली दोनदा येऊन माझ्या खुर्चीत रडून गेली. शेवटी मी सुचवलं, दोन फ्लेक्स करू, एक पुढच्या दाराला, एक मागच्या. ज्याला जो बघायचा त्याने त्या दाराने यावं. मला ही युक्ती फार आवडली होती.

गुरुवारी यारेत्सी स्वतः आली. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, आणि चेहरा थेट दोमितिलाचा.

"दोन्या चेन्चा," ती गावाच्या रीतीने मला मान देत म्हणाली, "दोन फ्लेक्स नको. दोन्ही डोळे उघडा."

"अगं, मग केक नाही आणि बँडही नाही."

"उघडा तर."

उघडले. अबुंदियोचा थर वर होता. पडद्यावर मामा एवढा पसरला की त्याच्यामागे मावशीचा फक्त अंबाडा दिसत होता.

"मावशी वर घ्या," पोर म्हणाली. "मामा खाली."

मी थर बदलले. आता ठेंगणी दोमितिला पुढे आली आणि तिच्यामागे अबुंदियो भिंतीसारखा उभा राहिला. दोघांचे हात पोरीच्या त्याच खांद्यावर होते. थर बदलल्यावर बहिणीचा हात भावाच्या हातावर आला. मी सावली थोडी सारखी केली.

"जेपीजी करा. गुणवत्ता बारावर."

"फ्लेक्सला दहाही पुरते."

"बारा."

सगळ्यांत वरच्या बारावर केली. पोरीने पेनड्राइव्ह खिशात टाकला, पण उठली नाही.

"आता थरांची फाइल उडवा."

मी हसले. "हे बघ बाई, जेपीजी म्हणजे मिरच्या-मसाला वाटून केलेलं मोलेचं कालवण. एकदा सगळं पाट्यावर वाटलं की त्यातून मिरची परत वेगळी काढता येत नाही. म्हणून तर मूळ फाइल ठेवायची असते. उद्या काही बदलायचं झालं तर?"

"म्हणूनच उडवा." तिचा आवाज चढला. "उद्या आई परत येईल, तुमच्या खुर्चीत बसून रडेल, आणि म्हणेल, एकाला झाका. आणि तुम्ही झाकाल. तुम्हाला कुणाचं रडणं बघवत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे."

खरंच होतं ते.

"माझ्या वाढदिवसाला दरवेळी दोन केक असतात," ती म्हणाली. "एकदा मावशीकडे मेणबत्त्या विझवायच्या, मग तोंड पुसून मामाकडे. तिथे जाऊन म्हणायचं, अय्या, केक! मला कंटाळा आलाय दोन्या चेन्चा. मला वॉल्ट्झ नाचताना दोघंही समोर हवेत. एकाच वेळी. उघडझाप नको."

इतक्या वर्षांत मी मूळ फाइल कधी पुसली नव्हती. माझ्याकडे मेलेल्यांच्या आहेत, घटस्फोट झालेल्यांच्या आहेत, उत्तरेला सीमा ओलांडून जाऊन नाव बदललेल्यांच्यासुद्धा आहेत. माझा हात काही पुढे होईना. शेवटी पोरीनेच माउस घेतला आणि फाइल उडवली. मग कॅमेऱ्यातले मूळ फोटो उडवले. मग कचऱ्याची पेटी उघडून तीही रिकामी केली.

"तुझी मावशीसुद्धा एवढी चिवट नाही गं," मी म्हटलं.

"आहे," ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

शनिवारी मिस आटोपून मी कॅमेरा घेऊन हॉलवर पोचले, तेव्हा फ्लेक्स दारावर होता आणि निम्मा गाव फ्लेक्सखाली. नेली एका खांबामागे उभी राहून जपमाळ ओढत होती. एकीकडून बेकरीची गाडी आली, दुसरीकडून बँडची. दोघं उतरली, दोघांनी वर बघितलं, आणि दोघंही माझ्यावर धावून आली.

"चेन्चा! मिट त्याला!"

"चेन्चा! झाक तिला!"

"जेपीजी आहे," मी म्हटलं. "डोळे नाहीत तिला. मोले वाटून झालंय."

"मूळची काढ!"

"पुसली."

"तू? तू कधी काही पुसतेस?" दोमितिला किंचाळली. अबुंदियो मात्र बोलत बसला नाही. त्याने हॉलची शिडी ओढली, कमरेचा मटण कापायचा सुरा काढला, आणि बहिणीला फ्लेक्सवरून कापून काढायला वर चढला. शिडी कण्हली. बँडवाल्यांना वाटलं हीच सुरुवात, त्यांनी ढोल वाजवला.

वर गेल्यावर अबुंदियो थांबला. अंबाड्यापासून सुरुवात करावी, तर मागे त्याचीच छाती. खांद्याशी यावं, तर तिच्या हाताखाली त्याचाच हात. तिचा हात कापला तर स्वतःचा तुटत होता आणि स्वतःचा वाचवला तर तिचा राहत होता. खालून सगळा गाव सल्ले देत होता. कुणी म्हणालं कोपरापासून घे, कुणी म्हणालं मनगट सोड.

"पोरीचा खांदा कापशील, गाढवा!" दोमितिला ओरडली. "उतर खाली!"

ढोल थांबला. इतक्या काळानंतर ती त्याच्याशी बोलली होती, हे आधी गावाच्या लक्षात आलं आणि मग तिच्या.

"मग तुझा हात काढ!" अबुंदियो शिडीवरून ओरडला.

"माझा कशाला काढू? माझा वर आहे. तुझा खाली आहे, तू काढ!"

"माझा आधीपासून आहे!"

"खोटं बोलतोस! लहानपणापासून खोटं बोलतोस! आणि पोट आत घे, शिडी मोडेल!"

"तुझा झगा बाळाला मोठा होत होता, दोमी! बाही गुडघ्यापर्यंत येत होती! म्हणून जर्सी घातली!"

दोमितिला शिडीशी आली. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू शिवला होतास ना," तो म्हणाला. "नावं कशी ठेवू?"

तेवढ्यात यारेत्सी फिरोजी घेराचा पोशाख दोन्ही हातांनी सावरत दारात आली. "भांडा," ती म्हणाली, "पण आत येऊन भांडा. क्रीम वितळतंय."

अबुंदियो उतरला. त्याने सुरा म्यान केला आणि केकचा खालचा मजला उचलला, कारण दोमितिलाच्या माणसांना तो पेलत नव्हता. "तिरका धरू नकोस," ती मागून म्हणत होती, "बोट लावू नकोस, चाटू नकोस," आणि दोघं आत गेली. वॉल्ट्झच्या वेळी ती हॉलच्या दोन टोकांना बसली, एकमेकांकडे बघितलंही नाही. पण उठून कुणी गेलं नाही. पोर नाचताना गिरकी घ्यायची, एकदा या टोकाकडे बघायची, एकदा त्या. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि दात सगळे दिसत होते. मी तेवढे फोटो काढले, एकही पुसला नाही.

सोमवारी दुपारी दोमितिला स्टुडिओत आली. आधी दार लावून घेतलं.

"खरं सांग चेन्चा. थरांची फाइल कुठेतरी असेल."

"नाही."

"कॅमेऱ्यात?"

"नाही."

"पेटीत?"

"पेटी तुझ्या भाचीने रिकामी केली."

"म्हणजे त्याला यातून काढणं कुणालाच जमणार नाही? कधीच?"

"कधीच नाही. माझ्या बापालाही नाही."

तिने हळूच श्वास सोडला. "बरं झालं. मला फक्त खात्री करायची होती. अबुंदियो विचारायला आला, तर त्यालाही हेच सांग."

"सकाळीच येऊन गेला. हेच विचारून गेला."

दोमितिला माझ्या टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिली.

"त्याने प्रत घेतली?"

"घेतली. दुकानात कढईच्या वर लावायला."

"केवढी?"

मी हातांनी माप दाखवलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि आणखी लांब ओढले.

"मला एवढी," ती म्हणाली.