छत्रीच्या कडेचा होला

"आपली छत्री आणि आपली सून, दोघी एका मापाच्या! अंगणात नुसत्या उभ्या. ना काही धरतात, ना काही बोलतात."

वार्सिदी शेजारच्या जुमादीला असं म्हणाले आणि दोघं पोट धरून हसले. नवी सून निंग्रुम माझ्यामागेच कपडे वाळत घालत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिनं सासऱ्यांचं लुंगीवजा सारोंग जरा जास्तच जोरात झटकलं.

ती छत्री म्हणजे मी. टीव्हीची. बारीक जाळीची, आत माणूस आडवा झोपेल एवढी. जावामधल्या या गावात मी आले तेव्हा वार्सिदी मला रोज फडक्यानं पुसायचे. बॅडमिंटन असलं की अख्खी गल्ली ओट्यावर. उकडलेले शेंगदाणे त्यांच्या तोंडात, टरफलं माझ्या पायाशी. माझी तक्रार नव्हती. उपग्रहाकडून येणाऱ्या सी बँडच्या लाटा स्वभावानं ढगळ. मी जराशी कलले तरी सांभाळून घ्यायच्या.

यंदा बॅडमिंटनचं चॅनेल केयू बँडवर गेलं आणि माझे हाल सुरू झाले. निंग्रुमच्या नवऱ्यानं, बाग्योनं, माझ्या जाळीपुढचा जुना एलएनबी, म्हणजे लाटा पकडणारा डबा, काढून नवा बसवला. मला नव्या उपग्रहाकडे वळवलं. या लाटा बारीक आणि भलत्याच मानी. मी दोन बोटं हलले की रुसल्याच.

संध्याकाळी चित्र लख्ख यायचं. सकाळी गायब! मग बाग्यो शिडीवर, जुमादी खाली.

"डावीकडे घे रे! अरे, तुझं डावं नाही, माझं डावं!"

"काका, एकदाच काय ते ठरवा!"

सकाळी पिळलेलं संध्याकाळी उलटं पिळायचं. कुणी म्हणे केळीची पानं आड येतात, म्हणून बिचारी केळ तोडली. कुणी म्हणे एलएनबी बिघडलाय. शेवटी सगळं खापर माझ्या वयावर.

आणि रोज सकाळी माझ्या कडेला काय लटकायचं? वार्सिदींच्या लाडक्या होल्याचा पिंजरा! सागवानी, वर पितळी कळस, आत पाण्याचं भांडं. पिंजरा टांगायचा उंच बांबू मोडला, तेव्हापासून मीच त्याचा बांबू. होला उंचावर, कोवळ्या उन्हात असला की घराला बरकत येते, म्हणे. त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नाही. दुपारी पिंजरा उतरला की मी सरळ. सकाळी चढला की माझी मान खाली. एवढी साधी गोष्ट! पण मी सगळी कानच, मला तोंड कुठलं?

निंग्रुमला मात्र चुलीपाशी बसून खिडकीतून सगळं दिसायचं. एकदा ती सासऱ्यांना म्हणालीसुद्धा, "बापाक, तो पिंजरा..."

"हो हो, दाणे घातलेत त्याला. तू कॉफी आण, बाळ."

ती कॉफी आणायला गेली.

आज रविवार, सकाळीच अंतिम सामना. ओटा भरलेला, पडद्यावर 'सिग्नल नाही'. लोक चुळबुळू लागले. एक जण उठून चपला शोधायला लागला. वार्सिदी ताडकन उठले.

"बस झालं! भंगारवाला दारात उभाच आहे. बाग्यो, उपट हिला!"

बाग्योनं माझ्या बुंध्याच्या बोल्टला पाना लावला. इतकी वर्षं आभाळातलं सगळं ऐकलं, आता खटाऱ्यात शेवट. एक बोल्ट सैल झाला. माझ्या कडेवर होला मजेत घुमत होता.

तेवढ्यात निंग्रुम कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला, आपल्या सारोंगला हात पुसले आणि नवऱ्याच्या हातातून पाना काढून घेतला.

"बापाक," ती म्हणाली, "ही छत्रीसुद्धा धरते आणि तुमची सूनसुद्धा बोलते. आधी तिच्या मानेवरचा तुमचा होला उतरवा."