रेजदोराचा साक्षीदार

पोर्तुगिजांनी नेमलेल्या गावच्या कारभाऱ्याने, रेजदोराने पाठवलेलं डुकराचं मांस एस्पेरांसने अजून चुलीवर चढवलं नव्हतं. नाताळ तोंडावर आला होता, घरात दुसरं काही शिजवण्यासारखं नव्हतं, तरी त्या मांसाची परडी तिने कोपऱ्यात सरकवून ठेवली होती.

पोर्तुगीज पाखले गोवा सोडून गेले आणि तिचा धाकटा भाऊ सालू तुरुंगातून सुटला. स्वातंत्र्याची पत्रकं वाटली म्हणून त्याला आणि शेजारच्या पास्कूला पोलिसांनी उचललं होतं. नावं दिली होती गावच्या रेजदोराने. पास्कू आतच मेला.

आता तोच रेजदोर त्यांच्या ओसरीवर ऐसपैस बसला होता. जन्मभर पाखल्यांपुढे अदबीने उघडं राहिलेल्या त्या डोक्यावर खादीची टोपी होती. कोरी, घडीसुद्धा न मोडलेली.

"उद्या भारताच्या मिलिटरीचा साहेब चौकशीला येतोय," तो म्हणाला. "सालू, तू एवढंच सांग, की रेजदोरबाब आतून आमच्याच बाजूचे होते."

"तुमच्यापेक्षा डुक्कर बरं, बाब," एस्पेरांस म्हणाली. "कुणाची घाण खातं ते लपवत तरी नाही."

"बहिणीची जीभ तिखट आहे हो तुझ्या!" रेजदोर हसला. "घरात मिरच्या लागत नसतील."

सालूही हसला.

एस्पेरांसने त्याच्याकडे पाहिलं. मांसाची परडी सकाळी त्यानेच मुकाट्याने आत आणून ठेवली होती.

"तू हो म्हणालायस," ती म्हणाली.

"बंदरावर नोकरी लावतायत, बाय. पास्कू काय आता परत येणार आहे?"

ती अंगणात जाऊन थुंकली.

"मग आत्ताच सांग," ती म्हणाली. "इथेच, मोठ्याने. पलीकडे पास्कूची आई भात पाखडतेय. तिलाही ऐकू दे."

"म्हातारीला कशाला मध्ये आणतेस?" रेजदोर चुळबुळला.

हे काही सालूच्याने होणार नाही, अशी एस्पेरांसची खात्री होती.

सालू उठला. कुंपणाकडे तोंड करून त्याने घसा साफ केला.

"रेजदोरबाब आपलाच माणूस!" तो ओरडला. "त्यांनी कधी कुणाचं नाव दिलं नाही!"

पलीकडे सुपाचा आवाज थांबला.

"झालं समाधान?" असं म्हणून सालू पुन्हा रेजदोराच्या शेजारी जाऊन बसला.