बनूचा श्वास

राहीबाईनं सुनेचे दोन्ही खांदे धरले आणि तिचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं. ऑपरेशनच्या खोलीत सासूचं काय काम, असं सांगलीच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारून झालं होतं. पण बनू थरथरत होती, तिला पाठ वाकवता येईना. भूल देणाऱ्या शकिलाबाई म्हणाल्या, कंबरेत सुई देईपर्यंत मावशी इथंच राहतील.

बनूचं काळीज लहानपणच्या तापानं अधू झालेलं. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून दोन महिने ती भिंतीला टेकून झोपायची. एकाहत्तरची लढाई संपून वर्ष झालं तरी तिचा नवरा मानसिंग पलटणीबरोबर काश्मिरातच; मधे एकदा सुट्टीवर येऊन गेला तेवढाच. तासगावच्या त्या घरात सासू-सून दोघीच. भांडण एकमेकींशी आणि समजूतही एकमेकींचीच. राहीबाईचा तिच्यावर फार जीव होता.

"पुरती भूल द्या की. पोरीला कायबी कळायला नगं."

"पुरती झोपवली तर धोका जास्त, मावशी. कंबरेखालचंच बधिर करते, औषध थोडं थोडं देऊन. आणि बाळ रडलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बाळ सुटलं की सगळं रक्त काळजाकडं धावतं. खरी भीती तिथनं पुढं."

सुई टोचली तेव्हा बनू "आत्याबाई" एवढंच म्हणाली. हळूहळू तिचे पाय जड झाले. मग राहीबाईला बाहेर घालवलं.

बाळ रडलं तशी व्हरांड्यातल्या बायकांनी राहीबाईला आनंदानं हलवलं. नर्स हसत येऊन काहीतरी सांगून गेली. राहीबाईचं चित्त ठिकाणावर असेल तर ना. बनूला बाहेर आणलं तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते आणि श्वास घरघरत होता. शकिलाबाईंनी तिला उशांना टेकवून बसवलं, नाकाला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली आणि खाटेजवळच ठाण मांडलं. राहीबाई पायथ्याशी बसून सुनेची छाती वरखाली होताना बघत राहिली. कुणीतरी आणलेला चहा निवून गेला. ही हट्टी बाई देवाचा धावासुद्धा उघड्या डोळ्यांनी करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनूनं आपणहून पाणी मागितलं. शकिलाबाईंनी नाडी बघितली, छातीला नळी लावून ऐकलं.

"निभावलं, मावशी. आता पलटणीत कळवा."

राहीबाई तडक तार ऑफिसात गेली. चपला दवाखान्यातच राहिल्याचं तिला सांगलीच्या खडबडीत डांबरावर आल्यावर समजलं. कारकुनानं पत्ता उतरून घेतला आणि काय कळवायचं ते विचारलं.

"सून बाळंत झाली म्हनून लिवा."

"मुलगा की मुलगी?"

राहीबाईनं सांगायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. कारकून वाट बघत होता. मागं रांगेत कुणीतरी खाकरलं.

"बनू बरी हाय, येवढं आदी लिवा," ती म्हणाली. "बाकीचं इचारून येते."