तेलाचा काटा

एकसष्ट साली मोतीराम भगवंतरावांच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. तेलाच्या दाबाचा काटा पडतोय, पंपाची जाळी गाळानं भरलीय, गाडी उभी करा, असं त्यानं तीनदा सांगितलं. राव गाडी घेऊन लोणारच्या लग्नाला निघालेच. वाटेत इंजीन जाम झालं. दुसऱ्या दिवशी मेहकरच्या मोटारस्टँडवर रावांनी त्याला चारचौघांत जोड्यानं हाणलं. "यानं तेल इकलं," म्हणाले. त्यानंतर मोतीरामच्या हाती कुणी गाडी दिली नाही.

तो खामगावला मिस्त्रीच्या हाताखाली राबला आणि सहा वर्षांनी मेहकरातच गॅरेज टाकून बसला. राव कधीतरी येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आले. गाडी नवी, ड्रायव्हर नवा, तक्रार तीच. मोतीरामनं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. जाळी बुजलेली, पंपातल्या दोन्ही गिअरचे दाते झिजलेले. त्यानं जाळी धुतली. मनात आलं, पंप तसाच बसवावा, जाड तेल भरावं. इंजीन थंड असेस्तोवर काटा ताठ राहील. आठ मैलांवर तेल तापून पातळ झालं, की खेळ खलास.

"दादा, नीट पाहा बरं," ड्रायव्हर कडूबा हळूच म्हणाला. "काही झालं तं माह्यावरच येईल."

मोतीरामचा हात थांबला. जोडा पुन्हा ड्रायव्हरच्याच पाठीत बसणार होता.

नेहमीचंच तेल भरून, चेंबर चढवून तो बाहेर आला. चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "राव, पंप गेला. नवा उद्या येईल. आज चालवसान तं इंजीन जाईल."

"तू मले शिकवतं का बे?"

"नाही. पन न्याचीच असंन तं तुमीच चालवा. कडूबा, चाबी दे त्याइले."

लोकांसमोर माघार घेतील तर ते राव कसले! स्वतःच चाकावर बसले. दुपारी आठ मैलांवरच्या सुलतानपूरपासून बैलं जुंपून गाडी ओढत आणावी लागली.

"दुरुस्त कर," राव म्हणाले.

"करतो. त्या साली तेल कोनं इकलं, तेवढं सांगा."

राव पुटपुटले, "कोनं नाही."

"जोरात सांगा. टपरीवर आयकू नाही आलं."

रावांनी पुन्हा सांगितलं. तरी मोतीरामचं पोट भरलं नाही. पंधरा दिवसांचं काम त्यानं दीड महिना लांबवलं. राव एसटीच्या रांगेत उभे दिसले, की मगच त्याला सकाळचा चहा गोड लागे.