दिघ्यांचा वरवंटा

जरा जपून, पाय आपटेल. वाऱ्यानं दार धाडकन लागू नये म्हणून इथं जो काळा दगड अडकवून ठेवलाय ना, तो मीच. मी वरवंटा बोलतोय. दिघ्यांचा वरवंटा. राहतो मात्र शेजारच्या उमावहिनींच्या घरात, आणि ते का, हे सांगायलाच आज तोंड उघडलंय. टेका थोडं. मला घाई नाही. दगडाला कसली आलीय घाई!

तुमच्या बोलण्यात माझं नाव काही बरं नाही. कुणी कशाची नासाडी केली की तुम्ही म्हणता, सगळ्यावर वरवंटा फिरवला. जन्मभर मी खोबरं वाटलं, आलं-लसूण वाटली, बिरड्याचं वाटण केलं, बाळंतिणीची औषधं ठेचली, आणि माझ्या वाट्याला आली ही कीर्ती. असो. आता रागवायचंही त्राण उरलेलं नाही.

बोरघाटाच्या पायथ्याशी पाल ठोकून बसलेल्या एका पाथरवटानं मला घडवलं. मी आणि माझा पाटा एकाच धोंड्याचे. ते साल त्रेपन्न असावं. अप्पा दिघ्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी आम्हां दोघांना सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि खोपोलीला घरी आणलं. वाटेत सायकल दोनदा उलटली. अप्पांचं ढोपर फुटलं, आम्हाला काही झालं नाही. नवी नवरी द्वारका दारात उभी राहून पोट धरून हसत होती. तिचं ते हसू मी पहिल्यांदा पाहिलं आणि म्हटलं, चला, घर बरं मिळालं.

दिघ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. अप्पांनी मात्र हातात पाना घेतला. घाट चढण्याआधी तापलेल्या आणि घाट उतरताना ब्रेक जाळून आलेल्या गाड्या त्यांच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. नातेवाईक नाकं मुरडायचे. द्वारका मात्र त्यांच्या कपड्यांचे ग्रीसचे डाग घासून काढायची, आणि मग माझ्याशी येऊन बसायची. तिच्या हाताला वजन होतं. कामाला बसली की वाटण गंधासारखं व्हायचं.

आता माझं दुसरं काम सांगतो. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी मी जातो. मला धुऊन पुसून टोपडं घालतात, काजळाचे डोळे काढतात, दुपट्यात गुंडाळतात. मग पाळण्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोघी उभ्या राहतात. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत मला पाळण्याखालून देतात, वरून घेतात. मग खरं बाळ तसंच फिरवतात. बाळाची इडापिडा दगडानं घ्यावी आणि बाळ दगडासारखं दणकट व्हावं, एवढाच अर्थ. मला हे सगळं पोरकट वाटायचं. पण टोपडं घातलं की मी गप्प पडून राहायचो, उगाच खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

माझं पहिलं बारसं उमावहिनींच्या कुंदाचं. अलीकडे स्वतः कुंदाची आत्या आणि पलीकडे द्वारका. नव्या नवरीला मुद्दाम उभं केलं होतं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, “पुढचं बारसं तुझ्याकडे हो!” द्वारका लाजली, आणि लाजता लाजता कुंदाला तिनं असं अलगद धरलं की रडणारी पोर गप्प झाली.

पुढचं बारसं तिच्याकडे झालंच नाही. वर्षं गेली. नवस झाले, डॉक्टर झाले. कुणी तिला तोंडावर काही बोललं नाही. नुसती बारशाची बोलावणी यायची थांबली. मला मात्र बोलावणं यायचं! माझ्याबरोबर पाळण्यात गेलेली सगळी पोरं तगली, म्हणून दिघ्यांचा वरवंटा यशाचा, असं आळीभर झालं होतं. कुणीतरी दारात येऊन म्हणायचं, “द्वारकावहिनी, जरा वरवंटा द्या हो.” ती मला घासूनपुसून द्यायची. संध्याकाळी मी घरी यायचो तो घुगऱ्यांच्या वाटीसकट. वरवंटा चालतो, घुगऱ्या चालतात, वरवंट्याची मालकीण तेवढी चालत नाही. माणसांचा हा न्याय मला दगडाला काही कळला नाही.

एकदा असाच मी परत आलो, तर माझं टोपडं काढायचं राहून गेलं होतं. द्वारका काढायला बसली. बांधलेली गाठ सोडवली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत बांधली. मला मांडीवर घेऊन बसून राहिली. हलवलं नाही, गाणं म्हटलं नाही, काही नाही. अप्पा जेवायला आले होते, ते दारातच थांबले. आल्या पावली मागं फिरले आणि गॅरेजात जाऊन एका गाडीचं चाक काढत बसले. त्या चाकाला काही झालेलं नव्हतं.

अशात एका उन्हाळ्यात गोऱ्या नवरा-बायकोची एक गाडी घाटाखाली वाफा सोडत येऊन थांबली. लागणारा पार्ट मुंबईहून यायचा होता, म्हणून दोघं अप्पांच्या ओटीवरच राहिली. थेट त्यांच्या मुलखातून गाडी हाकत आली होती. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं. गोरी बाई माझ्याशेजारी उकिडवी बसून वाटण बघायची आणि मिरचीनं शिंकायची. द्वारकेनं अप्पांना मध्ये घालून तिला विचारलं ते आपल्या इथं कुणीही विचारतं तेच.

“मुलं किती म्हणते?”

अप्पांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. बाईनं हसून मान हलवली.

“नाहीत म्हणते.”

“मग घरी कोण असतं?”

“घरच नाही म्हणते. ही गाडी तेच घर.”

द्वारका वाटायची थांबली. “तिला वाईट नाही वाटत?”

अप्पांनी तेही विचारलं. बाईला प्रश्न समजेना. दोनदा सांगावं लागलं. मग अप्पा म्हणाले, “ती विचारतेय, कशाचं?”

त्या दिवशी वाटण जाडंभरडं राहिलं. पाहुणे गेले, त्यानंतर चार दिवसांनी अप्पांना वाढता वाढता द्वारका म्हणाली, “अहो, अशी गाडी आपल्याला जमेल?”

अप्पांनी घास खाली ठेवला. ते या प्रश्नाची किती दिवस वाट बघत होते देव जाणे. एवढंच म्हणाले, “वेळ लागेल.”

लागलाच वेळ. लष्कराच्या भंगारात निघालेली एक खटारा गाडी त्यांनी ओढून आणली. इंजिन एकीकडचं, ॲक्सल दुसरीकडचा. दिवसा लोकांच्या गाड्या, फावल्या वेळात ही. आळीनं मनसोक्त चेष्टा केली. “काय अप्पा, विलायत आली का?” असं जाता-येता विचारायचे. अप्पा पाना दाखवून म्हणायचे, “आली की कळवतो.” निळा रंग दिला, मागच्या दारावर मोठ्या अक्षरांत खोपोली लिहिलं. मुंबईहून बोटीनं गाडीसकट इराकातल्या बसऱ्याला उतरायचं आणि तिथून रस्ता नेईल तिकडं जायचं, असं ठरलं. परत यायचं काही ठरलं नव्हतं. राहतं घर त्यांनी भाड्यानं दिलं.

मोळ्या विकायला येणारी कातकरीण कोंडी निरोप घ्यायला आली. तिच्या मोळीतून कितीदा माझ्यावर मुंग्या चढल्या असतील! ती म्हणाली, “बाय, घर हाय, दार हाय, मंग कशाला जाता वो?”

“तुम्ही नाही का दरवर्षी घर सोडून कोळशाच्या भट्टीवर जात?” द्वारका म्हणाली.

“आमी पोटासाठी जातो. आन पावसाच्या आदी घरी येतो. तुमी कवा येनार?”

“बघू गं.”

“बघू म्हंजे नाय येनार,” कोंडी म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून उठून गेली.

पाटा न्यायचा नाही, हे नक्की झालं होतं. आमची जोडी फोडू नये म्हणतात, पण गाडीत जागा कुठली! मला मात्र नेणार होते. अप्पांनी चुलीच्या फळीखाली माझ्यापुरती खोबण केली होती, मी गडगडू नये म्हणून आत जुन्या ट्यूबचं रबर लावलं होतं. त्या रबरावर मी एकदा पडूनही पाहिलं. खरं सांगतो, इतकं मऊ मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळीच उमावहिनी दारात आल्या. कुंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्या मुलीचं बारसं त्याच दिवशी होतं. उमावहिनी चाचरत म्हणाल्या, “द्वारकावहिनी, तुमच्या निघायच्या गडबडीत मागायला बरं वाटत नाही, पण... वरवंटा तेवढा.”

आजही फक्त वरवंटाच. द्वारकेचा चेहरा मी खालून पाहिला. इतकी दमलेली ती मला कधी दिसली नव्हती.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी आणते.”

तिनं मला धुतलं, पदरानं पुसलं आणि प्रवासाच्या लुगड्यातच उठून चालू लागली. कुंदाच्या बारशानंतर पाच-सहा वर्षांनी बंद झालेला तो उंबरठा ती बोलावणं नसताना ओलांडून गेली. आत बायका भरल्या होत्या. सगळ्या वळून बघू लागल्या. उमावहिनी लगबगीनं पुढं आल्या, मला घ्यायला हात पुढं केले. म्हणजे मला घ्यायचं आणि तिला दारातूनच वाटेला लावायचं.

बाजेवरून कुंदा म्हणाली, “आई, थांब. पाळण्याच्या पलीकडे काकू उभ्या राहतील.”

“अगं, पण...”

“माझ्या बारशाला काकूच होत्या ना? मग मला काय झालं? चांगली धडधाकट समोर बसलेय ना तुझ्या?”

एक म्हातारी काही पुटपुटली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. द्वारका पाळण्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मला टोपडं चढलं, काजळ लागलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. पाळण्याखालून मी तिच्या हातात आलो. मग बाळ आलं. आता ही रडणार, पोर सोडणार नाही, असं सगळ्यांना वाटलं असावं. तसं काही झालं नाही. तिनं बाळाला घेतलं, मान नीट सावरली, आणि रीत असते तसं वरून परत दिलं. क्षणभरही जास्त ठेवून घेतलं नाही.

बाहेर अप्पांनी हॉर्न वाजवला. उमावहिनींचे डोळे भरले होते. त्यांनी द्वारकेचा हात धरला. “चुकलं हो आमचं. आता तरी राहा. कशाला जाता?”

द्वारका म्हणाली, “जायचं तर आहेच. पण रात्रंदिवस वाटायचं, मी रुसून चाललेय. आता रुसून नाही, नुसती चाललेय.”

कुंदानं मला उचलून पुढं केलं. “काकू, तुमचा वरवंटा.”

मी मनात म्हटलं, चला, आता रबराची खोबण. पण द्वारकेनं मला घेतलं आणि वाकून परत पाळण्यात, बाळाच्या पायाशी ठेवलं. माझं टोपडं सारखं केलं.

“हा राहू दे इथं. याला इथं बोलावणं येतं.”

ती गेली. गाडी सुरू झालेली मी पाळण्यातून ऐकली. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं, बाहेर कुणी हसलंसुद्धा. मग ती चालू झाली आणि आवाज लांब लांब गेला.

पुढं सांगण्यासारखं थोडंच आहे. परक्या पाट्यावर वाटत राहिलो, सूर काही जुळला नाही. कुंदाच्या नावानं चित्रांची कार्डं इथंच, तिच्या माहेरी यायची. एका कार्डात द्वारकेनं लिहिलं होतं की नदीतला एक गोटा उचलून घेतलाय, वाटण बरं होतं, पण हात अजून जुन्या वरवंट्याला शोधतो. कुंदा माहेरी आली तेव्हा तिनं ते मोठ्यानं वाचलं, आणि मी ओल्या चटणीत तसाच पडून राहिलो. मग कार्डं कमी झाली. अलीकडे कैक वर्षांत एकही नाही.

आता या घरात मिक्सर आलाय. बारशाला लोक प्लॅस्टिकची बाहुली आणतात. पाटा कुठं आहे, ठाऊक नाही, भाडेकरूंनी त्याची धुण्याची शिळा केली असं ऐकतो. मी दार धरून बसलोय. परवा कुंदाबरोबर तिची ती बारशाची लेक सुट्टीला आली होती, ठेचकाळली आणि म्हणाली, “हा दगड फेकून का देत नाही?” कुंदा म्हणाली, “तो दगड नाही. द्वारकाकाकूंचा आहे.” एवढ्यावर माझे दिवस चाललेत.

मी थकलोय. कुणी मला न्यावं, पुन्हा टोपडं घालावं, असलं काही मागत नाही. तुम्ही हिंडती-फिरती माणसं, म्हणून एकच मागतो. कुठल्या परमुलखात रस्त्याच्या कडेला निळी गाडी दिसली, मागं खोपोली लिहिलेली, आणि शेजारी एखादी म्हातारी गोट्यानं मिरची वाटताना दिसली, तर मुलं किती, हे तिला विचारू नका. तुमच्याजवळ तान्हं असेल तर ते नुसतं तिच्या हातात द्या. ती नीट धरते. मी पाहिलंय.