तिसरा परीक्षक

मी तापट आहे हे आमच्या मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या रविवारी सकाळी मी जे करून बसलो, त्याला तापटपणा म्हणत नाहीत. त्याला शुद्ध गाढवपणा म्हणतात.

मी नळदुरुस्ती करतो. दिवसभर लोकांच्या मोऱ्या आणि घरी आल्यावर माझा काचेचा टँक, पाण्याखालच्या बागेचा. आमचं चौदा जणांचं मंडळ आहे अशा वेड्यांचं. मासे नावाला चार, खरं कौतुक झाडांचं. वर्षातून एकदा स्पर्धा. भरलेला टँक हलवला की सगळी मांडणी विस्कटते, म्हणून परीक्षक घरोघर जातात, एकेका टँकसमोर अर्धा अर्धा तास बसतात. तोवर कुणाला टँक दाखवायचा नाही, आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सगळं उपसून नवी मांडणी. म्हणजे तो टँक धडपणे बघतात ते फक्त तीन परीक्षक.

त्या तिघांत यंदा माझ्या थोरल्या बहिणीला बसवायचं होतं. ताई शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. मंडळातल्या प्रत्येकाला पहिली रोपं तिनं दिली. स्वतःच्या टँकमधली छाटणी ओल्या कागदात गुंडाळून, ‘मुळं धरेपर्यंत हात लावू नका’ असा दम भरून. आता तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. डॉक्टर म्हणाले, वर्षभर ठीक, पुढचं सांगता येत नाही. फोटोत तर तिला नुसते हिरवे डाग दिसतात. मागच्या महिन्यात ती मला म्हणाली, “एकदा सगळ्यांच्या घरी जाऊन, काचेला नाक लावून बघायचंय रे. माझ्या काड्यांचं काय काय झालं ते.”

मी म्हटलं, “ताई, यंदा तू परीक्षक. माझा शब्द.”

बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत होती. आपल्याच नावाची चर्चा म्हणून ताई आली नव्हती. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दोन परीक्षक बाहेरचे, ते पाच मिनिटांत ठरले. तिसऱ्यासाठी मी ताईचं नाव घेतलं, आणि अध्यक्ष म्हणाले, “दुकानदारसाहेबही इच्छुक आहेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा दुकानदार! अर्ध्या लोकांचे टँक हाच मांडून देतो. दगड याचे, माती याची, दिवे याचे. आपणच मांडायचं आणि आपणच गुण द्यायचे?

“अहो, लाज वाटू द्या थोडी,” मी उभाच राहिलो. “स्वतःच्या कामाला स्वतःच शाबासकी देणार का तुम्ही?”

“आवाज खाली,” अध्यक्ष म्हणाले. “नुसतं ओरडू नका. नियम सुचवा.”

“सुचवतो की! लिहून घ्या. ज्याच्याकडचं काहीही स्पर्धकाच्या टँकमध्ये असेल, तो परीक्षक होणार नाही. दगड असो, माती असो, एक पान का असेना!”

ते ‘पान’ मी जोर यावा म्हणून घातलं. एक पान! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

अध्यक्षांनी लिहून घेतलं, मोठ्यानं वाचलं. सगळे हात वर. सगळ्यात उंच माझा. दुकानदाराचाही हात वर होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“मंजूर,” अध्यक्ष म्हणाले.

दुकानदार शांतपणे म्हणाला, “मी बाद, मान्य आहे. पण मग ताईही बाद. त्यांचं पान नाही असा एक टँक दाखवा.”

मी म्हटलं, “तिनं भेट दिलीत रोपं! हा विकतो!”

“नियमात विकणं-देणं काही नाही,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्हीच मांडलात, एकमतानं झालाय.”

“मग बदला ना! कोण कोण बदलायचं म्हणतंय?”

एकही हात वर झाला नाही. शेजारी बसलेले शिंपीकाका माझ्या कानात पुटपुटले, “उगाच वाईटपणा कशाला? आणि खरं सांगू? त्यांची रोपं काढली तर माझ्या टँकमध्ये पाणीच उरेल.”

“हे मोठ्यानं बोला!” मी ओरडलो. काका खाली बघत राहिले. कृतघ्न कुठले! खुर्ची लाथाडून मी बाहेर पडलो.

ताई घरी इस्त्री केलेली साडी पलंगावर ठेवून बसली होती. घरोघर जायचं तर कुठली नेसावी, हे ठरवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दुकानदाराला, अध्यक्षांना, सगळ्यांना शिव्या घालत. नियम कुणी मांडला हेही सांगितलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं साडीची घडी पुन्हा नीट केली आणि विचारलं, “परीक्षक नाही तर नाही. पण सहज म्हणून घरी या, बघा, असं म्हणालं का कुणी?”

“नाही. एकसुद्धा नाही. निकालाआधी दाखवत नाहीत ना, ताई. पण माणुसकी म्हणून काही असतं की नाही? तीस वर्षं घेतलं तुझ्याकडून, आणि एकाला, एकाला तरी वाटावं...”

“तुझा टँक कसा झालाय रे यंदा?” ताईनं विचारलं.

दर रविवारी मी तिच्याकडे येतो. काड्या घेतो, चहा पितो, जातो. ‘तू कशाला माझ्याकडचे जिने चढतेस, मीच येतो की,’ म्हणतो. माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे.