बाहेरची कडी

तीस वर्षं हिंडलग्याच्या तुरुंगात काढून नागोजी मार्चमध्ये कायमचा घरी आला. गुन्हा काही नव्हता; तो तिथं वॉर्डर होता.

घर आजोबांच्या वेळचं. पुढचं दार आतून आडव्या लाकडी अडण्यावर मिटायचं आणि मागचं टेकवलेल्या वरवंट्यावर. तो बाहेरून कसा सरकवायचा हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. शेजारचा भावकू विरजण मागायला पुढून कधी आलाच नाही.

पण मुलीला, रचनाला, सातवा महिना लागला आणि निपाणीहून तिच्या सासूचा, जयाबाईंचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मान्य. पण दाराला वरवंटा लावणाऱ्या माहेरी नाही. रविवारी येऊन घर बघते, पटलं तर पाठवते.

"कैद्यांस्नी तीस वर्सं सांभाळलासा," मालुबाई नवऱ्याला म्हणाली, "आता पोरीसाठी दारं तेवढी नीट करा. सुताराला बोलवू?"

"सुतार? माझ्या हातनं एक बी माणूस सुटला न्हाय कधी!"

खडेबाजारातून त्यानं जाडजूड कड्या आणल्या. चार दिवस घरात ड्रिल घुमत होतं. जुने अडणे बंबात गेले. प्रत्येक दाराला डोळ्याच्या उंचीवर एक भोक पडलं आणि त्यावर सरकती पत्र्याची पट्टी बसली. कामाची चाहूल लागून भावकू रविवारी पहिल्यांदाच पुढच्या दारानं आला, हातात विरजणाची वाटी घेऊन.

जयाबाई आल्या. नागोजी इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभा राहिला. तपासणी म्हटलं की अजून त्याच्या टाचा जुळायच्या. त्यांनी कड्या हलवून पाहिल्या, मान डोलावली आणि बाळंतिणीच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

आत दार चाचपल्याची खडखड झाली. मग आतून आवाज आला.

"अवो व्याही, आतनं कडी कुठं हाय?"

नागोजीनं दार ढकलून आतली बाजू बघितली. आतून कडी नव्हती. कुठल्याच दाराला नव्हती. जन्मभर तो दाराच्या एकाच बाजूला उभा राहिला होता. हात आपसूक त्याच बाजूला गेले होते.

"म्हंजे दार लावायचं कुणी? चोरानं?" जयाबाईंनी विचारलं.

"तसं न्हाय, आक्का," भावकू म्हणाला. "चोराला आदी आत घ्यायचा, मग भाईरनं कडी. जातोय कुठं?"

मालुबाईनं पदर तोंडाला लावला. पोर काही येत नाही आता, तिच्या मनात आलं.

जयाबाई बाहेर आल्या. त्यांनी दार ओढलं, कडी दोनदा घातली, दोनदा काढली. भोकाला डोळा लावला. चेहरा हळूहळू उजळत गेला.

"बाळंतिणीनं सव्वा महिना खोलीभाईर पडायचं न्हाय. आनी आमची सून सातव्या महिन्यात स्कुटीवरनं अकोळ गावाला जाऊन येतीया! कोण आडवणार तिला? पाठवते मी. ही कडी तेवढी काढू नगा."

"काढत न्हाय," नागोजी म्हणाला. त्याचा हात जवळजवळ सलामाला गेला होता.

मालुबाईनं तिथल्या तिथं रचनाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन दाराकडं फिरवला.

"आप्पा, कडी भाईर हाय," रचना म्हणाली.

"व्हय."

"मग मी येत न्हाय. हितंच बाळंत हुते."

जयाबाईंना निपाणीच्या बसमध्ये बसवून नागोजी परतला. एक कडी उरली होती. ती त्यानं बाळंतिणीच्या खोलीला आतून बसवली आणि रचनाला तेवढं कळवलं. जयाबाईंना कळवायचं काही कारण नव्हतं. तपासणी होऊन गेली होती. मागच्या दाराला तूर्त वरवंटाच परत आला.

गुरुवारी रचना आली. पिशवी टाकली, खोलीत गेली, आतून कडी घातली आणि झोपली. नागोजीनं पट्टी सरकवून डोळा लावला. आतून भोकावर कॅलेंडर टांगलेलं होतं.

दुपारी जयाबाईंचा फोन आला. "खोलीतच हाय न्हवं?"

"खोलीतच."

"कडी घातलीया?"

"लई घट्ट," नागोजी म्हणाला, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

तेवढ्यात मागं वरवंटा सरकला. भावकू विरजण मागायला आला होता.